पाटाला तडा गेला (आणि नवीन सभासदाचा नमस्कार)

बाल्कनीतली सुतारीण | १२ फेब्रुवारी, रात्री ११:५८

नमस्कार मंडळी,

दीड वर्ष नुसती वाचनमात्र होते. आज लिहायची वेळ आली, कारण परवा रात्री देवघरातून 'टक्' असा आवाज झाला. उंदीर असेल म्हणून झोपून गेले. सकाळी बघते तर मी स्वतःच्या हाताने केलेला पाट मधोमध तडकलेला.

थोडी ओळख. वय ४६, पुण्यात बँकेत नोकरी, सुतारकामाचं शिक्षण शून्य. माझी कार्यशाळा म्हणजे आठ बाय चार फुटांची बाल्कनी. प्लायवूडचा एक ताव आडवा टाकला की संपली, त्यातच वॉशिंग मशीन. पहिलं काम मोडक्या स्टुलाचा पाय, दुसरं चपलांचं कपाट (ते डुगडुगतं, तो विषय नको).

पाट गेल्या वर्षी जुलैत केला, गणपतीसाठी. टिंबर मार्केटमधून आंब्याची फळी आणली. वखारवाल्याने आधी विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब बँकेत आहेत आणि ते मीच आहे. पाट १८ इंच लांब, १५ इंच रुंद, जाडी इंचभर. रंधा मारला, घासला, पाच दिवस बाप्पा बसले, सगळ्यांनी कौतुक केलं. आता नऊ इंच लांब तडा आहे आणि त्यात रुपयाचं नाणं उभं राहतं.

माझं काय चुकलं? फळी खराब होती का? फेविकॉल कमी पडला का? सासूबाई म्हणतात तडा गेलेला पाट पूजेला चालत नाही, त्यामुळे नवीन करायचाच आहे. पण पुन्हा तसंच व्हायला नको.

---

गुण्यागोविंद | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

या या, स्वागत! दीड वर्ष वाचनमात्र राहणारे आणि पहिल्याच धाग्यात स्वतःची चूक दाखवणारे लोक फार थोडे. आम्ही बहुतेक जण आधी फक्त चांगल्या कामाचेच फोटो टाकायचो.

दोन प्रश्न. खालच्या आडव्या पट्ट्या कशाने बसवल्या? आणि तडा रेषेच्या दिशेने आहे की आडवा? फोटो दिसत नाहीये, फक्त वॉशिंग मशीनचा कोपरा दिसतोय.

---

बाल्कनीतली सुतारीण | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

तडा लांबीच्या दिशेने, रेषेबरोबर सरळ. खाली सागाच्या दोन पट्ट्या, रुंदीच्या दिशेने, फेविकॉल भरपूर लावून. वर भरीला प्रत्येक पट्टीला चार स्क्रू. मजबूत व्हावं म्हणून हो! फोटो पुन्हा टाकते.

---

गुण्यागोविंद | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

"मजबूत व्हावं म्हणून." सापडला गुन्हेगार. काकांना येऊ दे, ते आकडे काढून सांगतील. आकडे काढल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

---

भुसा_काका | १३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

गेला बरं चहा.

ताई, फळी खराब नव्हती आणि फेविकॉलही कमी नव्हता. उलट तो कमी असता तर पाट वाचला असता.

झाड कापलं तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पण ते सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, इथेच घोळ होतो. लांबीत, म्हणजे रेषेच्या दिशेने, ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत फरक पडतो साधारण ०.१ ते ०.२ टक्के. नगण्य. रुंदीत मात्र बराच. साग तर शहाणा समजला जातो, तरी ओल्या लाकडापासून पार वाळेपर्यंत वर्षवलयांच्या कडेने तो ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत २.५ टक्के.

तुमचा पाट १५ इंच रुंद. जुलैतली फळी आणि फेब्रुवारीतली फळी यांच्या ओलीत सहा टक्क्यांचा फरक धरू. साग असता तरी त्याने जवळपास दीड सूत अंग चोरलं असतं. (नव्या मंडळींसाठी: आठ सूत म्हणजे एक इंच.) आंब्याची फळी, तीही वखारीतून पावसाळ्यात आणलेली, म्हणजे ओल आणखी जास्त असणार.

आता खालच्या पट्टीचं बघा. तिची लांबी पाटाच्या रुंदीत आहे, आणि लांबीत लाकूड हलत नाही. म्हणजे वरचा पाट आत यायला बघतोय आणि खाली सरस लावून, स्क्रू ठोकून घट्ट धरलेली पट्टी त्याला येऊ देत नाही. काय करणार बिचारा? मधोमध फाटला. तुम्ही ऐकलात तो आवाज त्याचाच.

जुन्या वाड्यांच्या दिल्हेदार दारांना तडे का जात नाहीत? दिल्हा, म्हणजे दाराच्या चौकटीतली मधली फळी, चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो. त्याला ना सरस, ना खिळा. तो आतल्या आत हलतो, चौकट जागेवर राहते. सध्या पुष्कळ ठिकाणी दिल्हे चिकटवून टाकतात आणि मग दोन उन्हाळ्यांनी गिऱ्हाईक फोन करतं.

---

वेंगुर्ल्याचो | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:२५

आमचो आजो म्हणायचो, लाकूड मेला तरी पाणी पिता. काकांनी सगळा शास्त्र सांगल्यान, आज्याने एका वाक्यात.

ताई, माझ्याकडे फणसाच्या फळ्या आहेत. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, परसातला फणस पडला. रीतसर परवानगी घेऊन, कापून, दीड इंची फळ्या पाडून माळ्यावर रचल्या. प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे पट्टी, म्हणजे वारा खेळतो. टोकांना जुना ऑइलपेंट फासला, कारण ओल सगळ्यात आधी टोकातून पळते आणि तिथूनच चिरा पडायला लागतात. जुना हिशेब असा की जाडीच्या इंचाला एक वर्ष. आता त्या फळ्या हातात घेतल्या तर पुठ्ठ्यासारख्या हलक्या लागतात. पिवळा धमक रंग मात्र हळूहळू तपकिरी होतो, ते आधीच सांगतो, नाहीतर नंतर म्हणाल फसवलं.

---

रोखठोक | १३ फेब्रुवारी, सायं ६:०८

पाट बाजारात तयार मिळतो की. एवढा वेळ, एवढा भुसा, शेजाऱ्यांना त्रास, आणि शेवटी तडा. गणित काही जमलं नाही.

---

गुण्यागोविंद | १३ फेब्रुवारी, सायं ६:२०

लोणचंही बाजारात तयार मिळतं. पुढे.

---

आरे_तुंबा | १४ फेब्रुवारी, रात्री १०:३५

मी इथे कमी लिहितो. फलटणकडचा, आमचं घर सुताराचं. आजोबा बैलगाड्या करायचे. बाभळीचा तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), बाभळीचे आरे (त्यातून निघणारे दांडे), वरून धाव, म्हणजे लोखंडी कडं, लाल होईस्तोवर तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव आवळली की सगळे आरे कचकन बसायचे. लोखंड आकसतं तेव्हा चाक घट्ट होतं, लाकूड आकसतं तेव्हा चाक ढिलं होतं. उन्हाळ्यात गाड्या ओढ्यात का उभ्या करायचे ते आता कळलं असेल.

खरं सांगतो, इथे लोक 'छंद' म्हणून रंधा हातात घेतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा खटकलं होतं. आमच्या घरात त्याला छंद म्हणत नाहीत, पोट म्हणतात. वडिलांनी मला मुद्दाम या कामापासून लांब ठेवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांचा वाकस (लाकूड तासायचं अवजार) अजून घरात आहे, माझ्या हाताला तो नीट चालवता येत नाही. त्यामुळे ताईंचा धागा वाचून राग यायच्या ऐवजी हेवा वाटला.

ताई, एक काम करा. माहेरी किंवा सासरी जुना पाट असेल, तुमच्या आजीच्या काळातला. तो उलटा करून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. मी आत्ता सांगत नाही.

---

बाल्कनीतली सुतारीण | १६ फेब्रुवारी, सायं ५:५०

आरे_तुंबा दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून दोन दिवस काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं. वखारीत मला 'साहेब कुठे' विचारलेलं खटकलं होतं, पण या कामाला दुसरीही बाजू आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

काल आईकडे जाऊन माळ्यावरून पाट काढला. आजीच्या लग्नातला म्हणते आई. निदान सत्तर वर्षांचा. उलटा केला. एकही खिळा नाही! स्क्रू नाही, सरसाचा डाग नाही. दोन्ही पट्ट्या खाचेत सरकवून बसवल्यात. खाच तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, पट्टीची कडही तशीच तिरकी. त्यामुळे पट्टी बाजूने आत सरकते पण खाली निसटत नाही. आणि पट्टीची टोकं पाटाच्या कडेपासून साधारण सूतभर बाहेर आली आहेत. लहानपणी त्या टोकाने किती वेळा पायाला लागलंय! मला वाटायचं सुताराने माप चुकवलं.

---

आरे_तुंबा | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१२

माप चुकलं नव्हतं. सत्तर वर्षांत पाट आटला, पट्टी आहे तेवढीच राहिली. पाटाला हलायला जागा ठेवली होती म्हणून तो आज तुमच्या हातात आहे.

---

भुसा_काका | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

दंडवत. मी एवढे आकडे लिहिले आणि यांनी एक पाट उलटा करायला सांगून काम केलं.

---

बाल्कनीतली सुतारीण | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आता मलाही तसाच करायचाय. तीन प्रश्न. लाकूड वाळलंय हे ओल मोजायचं यंत्र न घेता कसं ओळखायचं? ती तिरकी खाच हाताने कशी काढायची? आणि माझ्या पटाशीने (लाकूड कोरायच्या छिन्नीने) लाकूड कापलं जात नाही, चेंगरतं. ऑनलाइन बारा पटाशांचा संच घेतला होता.

---

गुण्यागोविंद | १७ फेब्रुवारी, सकाळी ११:००

बारा! एका माणसाला आयुष्यभर तीन पुरतात: दोन सूत, चार सूत, आठ सूत. उरलेल्या नऊ पटाशांनी रंगाचे डबे उघडा.

धारेचं सांगतो, कारण बाकी दोन्ही प्रश्न त्यावर अडलेत. नवीन पटाशी धारदार नसते, दुकानातून येते ती फक्त पटाशीच्या आकाराची पोलादी पट्टी. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर पाणी टाकून वॉटरपेपर चिकटवा: ४००, मग ८००, १२००, शेवटी २०००. आधी पटाशीची सपाट पाठ घासा, धारेजवळचा इंचभर भाग आरशासारखा होईस्तोवर. ही पायरी सगळे टाळतात आणि मग धार टिकत नाही म्हणून रडतात. मग उताराची बाजू, २५ अंशांत. शेवटचे चार हात पटाशी किंचित उचलून, ३० अंशांत. पाठीवर बोट आडवं फिरवून बघा, धारेला बारीक कड लागेल. ती लागली म्हणजे पोहोचलात. पाठ एकदा कागदावर सपाट फिरवून ती कड काढून टाका.

परीक्षा: पाइनच्या तुकड्याच्या टोकाकडून, रेषांच्या आडवं, पातळ सालपट काढा. चकचकीत निघालं तर धार आहे. पांढरट, चुरा होऊन निघालं तर परत काचेवर. हातावरचे केस काढून दाखवणं हा पुरुषी खेळ आहे, त्याने काही सिद्ध होत नाही.

---

भुसा_काका | १७ फेब्रुवारी, दुपारी २:२०

ओलीसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. फळीवर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहा, दर रविवारी मोजा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही म्हणजे फळी तुमच्या घरच्या हवेशी जुळली. आकडाच हवा असेल तर फळीच्या मधल्या भागातला छोटा तुकडा कापून वजन करा, मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून वजन कमी होणं थांबेपर्यंत वाळवा. समजा ६२ ग्रॅमचा ५० झाला. गेलेलं पाणी १२ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ५०, म्हणजे २४ टक्के. एवढ्या ओलीच्या फळीला हात लावू नका. केक करायच्या ओव्हनमध्ये हे करताना घरच्यांना आधी सांगा, मी सांगितलं नव्हतं.

आणि पावसाळ्यात केलेल्या वस्तूला आटायला जागा ठेवायची, उन्हाळ्यात केलेलीला फुगायला. आता मार्चमध्ये कराल तर फुगायला.

---

आरे_तुंबा | १७ फेब्रुवारी, रात्री १०:५०

खाच. मी वडिलांना फोन करून विचारलं, ते जे बोलले ते लिहितो.

पाटाच्या जाडीचा एक तृतीयांश खोल, जास्त नको. एक ठोकळा घ्यायचा, त्याची एक कड हवी तेवढी तिरकी रंधून घ्यायची. तो रेषेवर आवळायचा आणि करवतीचं पातं त्या तिरक्या कडेला टेकवून कापायचं. म्हणजे करवत आपोआप त्याच कलात जाते. दोन्ही भिंती अशा कापल्या की मधलं लाकूड पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्याकडे काढायचं. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते. खाच एका टोकाला किंचित रुंद, दुसरीकडे किंचित अरुंद ठेवायची. पट्टी रुंद बाजूने घालायची, शेवटचे दोन इंच मोगरीने (लाकडी हातोड्याने) ठोकून. सरस लावायचाच असेल तर मधल्या इंचभरात. बाकी मोकळं.

शेवटी म्हणाले, "बँकेतल्या बाईंना सांग, पहिली खाच टाकाऊ फळीवर काढा. आणि दुसरीपण."

---

उलटा_उन्हाळा | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

मेलबर्नहून नमस्कार. इथे बऱ्याच उपनगरांत 'मेन्स शेड' असतं. १९९०च्या दशकात सुरू झालेला प्रकार, मुख्यतः निवृत्त पुरुषांसाठी: एक शेड, थोडी यंत्रं, भरपूर चहा. माणसं समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, पण शेजारी शेजारी उभी राहून फळी घासताना करतात, असा हिशेब. मी पन्नाशीतच जाऊन बसतो. आमच्या शेडमध्ये आता बायकांचाही एक दिवस आहे, आणि त्या दिवशी अवजारं जागेवर परत जातात.

अवांतर: इथलं ब्लॅकवूड म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलंच झाड. आणि यांचीच दुसरी एक बहीण तुमच्याकडे गोव्या-कोकणात रस्तोरस्ती लावली आहे, जिला सगळे 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' म्हणून शिव्या घालतात. वेंगुर्लेकर, तिचं लाकूड कधी वापरलंत का?

---

वेंगुर्ल्याचो | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

वापरलंय! लोक चुलीत घालतात. काळपट तपकिरी, जड, पॉलिश झकास घेतं. पण रेषा उलटसुलट, रंधा एका जागी लोण्यासारखा आणि बोटभर पुढे खड्डे पाडतो. त्याची हातोडीची मूठ करा, पाट नको.

पुण्यातल्या लोकांसाठी आणखी एक. गावाकडचं पडलेलं झाड दिसलं म्हणून थेट टेम्पोत घालून आणू नका. साग, आंबा, फणस, खैर अशा झाडांना १९६४चा वृक्षतोड कायदा लागू आहे, स्वतःच्या जागेतलं असलं तरी. आधी वनखात्याच्या कचेरीत विचारा, आणि वाहतुकीचा परवाना वेगळा लागतो का तेही.

ताई, एक फणसाची फळी तुमच्यासाठी बाजूला काढलीय. भाचा होळीला गाडी घेऊन पुण्यास येतलो. कागदपत्रांसकट धाडतंय. पैशाचा बोलू नका.

---

बाल्कनीतली सुतारीण | २९ मार्च, रात्री १०:२०

फळी आली! घरभर गोडसर वास. बारा दिवस वजन करतेय, ३ किलो ४२० ग्रॅमवर ठाम बसली आहे.

टाकाऊ फळीवर खाचा काढल्या. दोन नाही, पाच. पहिलीत पट्टी सहज आत गेली आणि सहज खाली पडली. चौथीत ठोकताना कड फुटली. पाचवी बरी आहे. दादा, वडिलांना सांगा.

पटाशीला धार लागली. सालपट काढताना येतो तो आवाज कुणीच मला आधी का नाही सांगितला?

पॉलिश काय करू?

---

भुसा_काका | ३० मार्च, सकाळी ७:४५

बसायचा पाट आहे, चपडा (पॉलिशची लाख) लावा. लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा म्हणजे पातळ पॉलिश, रात्रभर विरघळू द्या. मलमलीच्या बोळ्याने पातळ हात, सात-आठ. पाणी सांडून राहिलं तर पांढरट डाग पडतो, पण चपड्याचं सुख हे की वरून परत एक हात मारता येतो. वरची आणि खालची बाजू, दोन्हीकडे सारखे हात द्या. एकच बाजू बंद केलीत तर दुसरीकडून ओल शिरते आणि पाट वाकतो.

जवसाचं तेल वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं आणि बोळा आपला आपण पेटू शकतो. उघडी पसरून वाळवा. आणि घासताना एन-९५ मास्क लावाच, लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. यावर मी विनोद करणार नाही.

---

रोखठोक | ३० मार्च, सकाळी ९:३०

चपडा कुठे मिळतो पुण्यात? मित्रासाठी विचारतोय.

---

गुण्यागोविंद | ३० मार्च, सकाळी ९:३२

बोहरी आळीत विचारा. मित्राला म्हणावं पहिला फोटो चुकलेल्या कामाचा टाक.

---

बाल्कनीतली सुतारीण | २१ जुलै, रात्री ८:०५

धागा वर काढते. पाट एप्रिलमध्ये झाला. त्या दिवशी पट्टीची टोकं पाटाच्या कडेशी अगदी समतल घासली होती, नखाला लागणार नाहीत अशी. मधे इंचभर सरस, बाकी मोकळं.

आज महिनाभराच्या पावसानंतर मोजलं. पाट पट्टीच्या बाहेर आलाय. दोन्ही कडांना मिळून पाऊण सूत. तडा नाही, वाकलेला नाही, डुगडुगत नाही. फोटो टाकलाय, यावेळी वॉशिंग मशीन नाही.

जुना तडकलेला पाट बाल्कनीच्या भिंतीवर टांगलाय. पटाशा अडकवायला खिळे मारलेत त्याला. तीनच.

---

आरे_तुंबा | २१ जुलै, रात्री १०:४०

फोटो वडिलांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, डावीकडची खाच एक केस जास्त खोल गेलीय.

मग म्हणाले, माझा वाकस काढ जरा माळ्यावरून.